दम्याचा पंप आणि त्याचे दुष्परिणाम

श्रमामुळे लागणारी साधी धाप आणि व्यायामजन्य दमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साधी धाप श्रम थांबले की ओसरते. व्यायामजन्य दम्यात मात्र त्रास बहुधा श्रम थांबल्यावरच बळावतो, पाच-दहा मिनिटांत छाती आवळून येते, खोकल्याची ढास लागते, श्वास सोडताना घरघर ऐकू येते आणि पुढे अर्ध्या-पाऊण तासात हे सारे बहुधा आपोआप निवळते. या विकारावर श्वासावाटे घ्यायच्या औषधांचा, म्हणजे मराठी घरांत ज्याला सरसकट ‘पंप’ म्हणतात त्या साधनाचा इतिहास बहुधा यशाची कथा म्हणून सांगितला जातो, आणि ती कथा खोटी नाही. परंतु दुष्परिणामांच्या बाजूने तोच इतिहास वाचला म्हणजे असे दिसते, की रुग्णाला जाणवणाऱ्या त्रासांवर संशोधकांनी झपाट्याने उपाय शोधले. जो दुष्परिणाम जाणवत नाही, किंबहुना आराम म्हणूनच जाणवतो, तो ओळखून उपचारपद्धती बदलायला मात्र अर्ध्या शतकाहून अधिक काळ गेला.

श्रम आणि दमा यांचा संबंध जुन्या वैद्यांच्या नजरेतून सुटलेला नव्हता. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी ‘तमकश्वास’ आजच्या दम्याशी बराचसा जुळतो, तर ‘क्षुद्रश्वास’ हा रूक्ष आहार आणि श्रम यांमुळे होणारा सौम्य प्रकार मानला आहे. या वर्गीकरणात आजचा व्यायामजन्य दमा जसाच्या तसा शोधणे योग्य होणार नाही, तरीही श्रमाने होणाऱ्या श्वासविकाराला तेथे स्वतंत्र स्थान मिळाले होते, ही नोंद मोलाची आहे. युरोपात १६९८ मध्ये स्वतः दमेकरी असलेल्या जॉन फ्लॉयर या इंग्रज वैद्याने दम्यावरील आपल्या ग्रंथात जोराच्या व्यायामाने झटका येतो हे स्पष्टपणे लिहिले.

औषध श्वासावाटे घेण्याची कल्पनाही जुनीच आहे, आणि तिच्या एका टप्प्याचा भारताशी थेट संबंध आहे. धोत्र्याचा धूर ओढून दमा शमवण्याचा येथील प्रघात मद्रासच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांमार्फत १८०२ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पोहोचला, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात तेथे धोत्र्याच्या सिगारेटी औषध म्हणून विकल्या जाऊ लागल्या. धोत्र्यातील ॲट्रोपिनसारखी द्रव्ये श्वासनलिका आवळणाऱ्या मज्जातंतूंचा प्रभाव रोखतात, म्हणून छाती मोकळी होते. पण तीच द्रव्ये तोंडाला कोरड पाडतात, बाहुल्या विस्फारतात आणि मात्रा वाढली तर माणूस बरळू लागतो. आराम आणि अपाय एकाच गुणातून उपजतात, हे सूत्र पुढच्या प्रत्येक औषधात निराळ्या रूपाने दिसते.

विसाव्या शतकाच्या आरंभी जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अधिवृक्क ग्रंथीतील ॲड्रिनॅलिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि काही वर्षांतच ते दम्यावर टोचले जाऊ लागले. त्यामागोमाग १९२० च्या दशकात चिनी वनौषधी ‘मा हुआंग’मधील इफेड्रिन आले आणि १९४० च्या दशकात आयसोप्रिनॅलिन. ही तिन्ही औषधे श्वासनलिकांभोवतीचे स्नायू सैल करत, पण त्याबरोबर हृदयाचे ठोकेही वाढवत. याचे कारण १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडलेल्या ग्राहींच्या कल्पनेमुळे हळूहळू उलगडले. ग्राही म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील अशी जागा, जेथे औषधाचा रेणू कुलपात किल्ली बसावी तसा बसतो. आल्क्विस्ट यांनी या ग्राहींचे अल्फा आणि बीटा असे दोन वर्ग केले. १९६७ मध्ये बीटा वर्गाचेही दोन पोटवर्ग पाडण्यात आले. बीटा-१ प्रामुख्याने हृदयात असतात, बीटा-२ प्रामुख्याने श्वासनलिकांत. आयसोप्रिनॅलिन या दोहोंत भेद करत नव्हते, म्हणूनच छाती मोकळी होताना धडधड सुरू होई.

ही औषधे फवाऱ्याने घेण्यासाठी तोवर रबरी फुगा दाबून चालवायची काचेची नळी वापरावी लागे. ती फुटे, गळे, आणि दर दाबासरशी किती औषध आत गेले याचा काहीच भरवसा नसे. अमेरिकेतील रायकर या औषधकंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमेकरी मुलीने १९५५ मध्ये त्यांना विचारले, की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारख्या डब्यातून हे औषध का मिळू नये. त्या प्रश्नावरून कंपनीत काम सुरू झाले. अत्तराच्या बाटल्यांसाठी घडवलेली, दर दाबाला ठरावीक थेंबभरच द्रव सोडणारी झडप औषधाच्या कुपीला बसवण्यात आली, आणि १९५६ मध्ये ॲड्रिनॅलिन व आयसोप्रिनॅलिन यांचे ‘मेडिहेलर’ बाजारात आले. तळहातात मावणारे हे साधन शाळेच्या दप्तरात आणि खेळाडूच्या पिशवीत जाऊ शकत होते. दमेकरी मुलाला इतरांबरोबर मैदानात उतरण्याचे धैर्य त्याने दिले, आणि या उपकाराचे मोल कमी लेखता येणार नाही.

परंतु झडप एका दाबाचे माप ठरवू शकते, दाब किती वेळा द्यायचा हे नाही. १९६० च्या सुमारास इंग्लंड-वेल्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा काही देशांत दम्याने होणारे मृत्यू, विशेषतः मुलांचे आणि तरुणांचे, एकाएकी वाढू लागले. फ्रँक स्पायझर, रिचर्ड डॉल आणि पीटर हीफ यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार इंग्लंड-वेल्समध्ये १० ते १४ या वयोगटातील दम्याचे मृत्यू सात वर्षांत जवळजवळ आठपट झाले होते, आणि १९६६ मध्ये त्या वयातील एकूण मृत्यूंपैकी सात टक्के दम्यामुळे घडले होते. संशय फवाऱ्यांवर गेला. १९६७ मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांना सावधगिरीची सूचना देण्यात आली आणि पुढील वर्षी हे फवारे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी आली; मृत्यू घटले. १९७२ मध्ये पॉल स्टॉली या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिले, की ही लाट प्रामुख्याने जेथे आयसोप्रिनॅलिनचा पाचपट तीव्र असा ‘फोर्ट’ फवारा विकला जात होता, त्याच देशांत आली होती. औषधाने थेट हृदयावर आघात केला, की तात्पुरत्या आरामामुळे रुग्ण रुग्णालयात उशिरा पोहोचले, यावर तज्ज्ञांचे एकमत झाले नाही. तथापि यांतील दुसरी शक्यताही औषधाचाच दुष्परिणाम मानायला हवी, कारण रोग वाढत असताना तो वाढत नसल्याचा भास त्या फवाऱ्याने निर्माण केला होता.

याच काळात इंग्लंडमधील वेअर येथे डेव्हिड जॅक यांच्या नेतृत्वाखाली ॲलन अँड हॅनबरीज कंपनीच्या संशोधकांनी प्रामुख्याने बीटा-२ ग्राहींवर काम करणारे सॅल्ब्युटामॉल तयार केले. १९६९ मध्ये त्याचा फवारा बाजारात आला. धडधडीचा प्रश्न बराचसा सुटला, पूर्णपणे नव्हे. बीटा-२ ग्राही हातापायांच्या स्नायूंतही असतात, म्हणून सॅल्ब्युटामॉल घेतल्यावर बोटे बारीक थरथरतात, कपातला चहा हिंदकळतो, सही वाकडी येते. रक्तवाहिन्या सैलावल्यामुळे हृदयाची गती थोडी वाढते, काहींचे डोके दुखते, आणि मोठ्या मात्रेत रक्तातील पोटॅशियम पेशींत ओढले जाऊन पायांत गोळे येण्याचा संभव असतो. हे परिणाम बहुधा अल्पकाळ टिकतात, आणि नियमित वापराने हाताचा कंप कमी होत जातो. हा कंप कमी होणे रुग्णाला शुभचिन्ह वाटते. प्रत्यक्षात शरीरातील ग्राही त्या औषधाला सरावल्याचे ते पहिले लक्षण असते.

व्यायामाने दमा का उफाळतो, याचा शास्त्रीय उलगडाही याच सुमारास होऊ लागला. सिडनी येथील सँड्रा अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या उपपत्तीनुसार जोराच्या श्रमात माणूस तोंडाने भराभर श्वास घेतो, त्या कोरड्या हवेला ओलावा पुरवताना श्वासनलिकांच्या आतील पातळ द्रवथर आटतो, त्यातील क्षारांचे प्रमाण वाढते आणि त्या बदलाने चिडलेल्या पेशी हिस्टामिनसारखी नलिका आवळणारी द्रव्ये सोडतात. म्हणूनच थंड कोरड्या हवेत धावणाऱ्याला अधिक त्रास होतो आणि दमट हवेत पोहणाऱ्याला तुलनेने कमी.

या पेशींनाच शांत ठेवणारे एक औषध १९६० च्या दशकात रॉजर अल्टुन्यान यांनी शोधले. स्वतः दमेकरी असलेल्या या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे स्वतःलाच मुद्दाम दम्याचा झटका आणून एकामागून एक रसायने तपासली, आणि त्यांतून सोडियम क्रोमोग्लायकेट हाती लागले. ते घेण्यासाठी त्यांनी एक छोटे यंत्र बनवले: कॅप्सूलला भोक पाडायचे, श्वास ओढायचा, की आतील इवलासा पंखा फिरून भुकटी हवेत मिसळे. पूर्वी वैमानिक असलेल्या अल्टुन्यान यांना ही कल्पना विमानाच्या पंख्यावरून सुचली होती. व्यायामापूर्वी घेतल्यास हे औषध अनेकांचा झटका टाळत असे, आणि भुकटीने घसा खवखवणे व खोकला येणे याखेरीज त्याचा फारसा उपद्रव नव्हता. तरीही ते मागे पडले. सॅल्ब्युटामॉलच्या तुलनेत त्याचा गुण उणा होता हे खरे, पण ते घेतल्यावर रुग्णाला काहीच जाणवत नसे, हेही त्याच्या पिछेहाटीचे कारण मानावे लागते.

क्रीडाक्षेत्रात या औषधांना आणखी एका अर्थाने दुष्परिणाम चिकटला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये रिक डीमाँट या सोळा वर्षांच्या अमेरिकी जलतरणपटूने ४०० मीटर शर्यत एक शतांश सेकंदाने जिंकली, पण त्याच्या दम्याच्या गोळ्यांत इफेड्रिन होते आणि इफेड्रिन उत्तेजक म्हणून निषिद्ध असल्याने सुवर्णपदक काढून घेण्यात आले. आपण हे औषध घेतो, असे त्याने स्पर्धेपूर्वीच आपल्या पथकाला लिहून कळवले होते. पुढे बीटा-२ फवाऱ्यांना सशर्त परवानगी मिळाली. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामजन्य दमा असल्याचे आढळले आणि त्यांनी एकूण ४१ पदके मिळवली, तेव्हा दमेकऱ्याने मैदानापासून दूर राहावे हा समज कायमचा मोडीत निघायला हवा होता.

फवाऱ्याने दिलेला पहिला धडा मात्र न्यूझीलंडला दुसऱ्यांदा शिकावा लागला. तेथे १९७६ मध्ये फेनोटेरॉल हे नवे बीटा औषध आले, ज्याच्या एका दाबात २०० मायक्रोग्रॅम औषध असे, तर सॅल्ब्युटामॉलच्या दाबात १००. त्याच सुमारास दम्याचे मृत्यू पुन्हा चढू लागले. वेलिंग्टन येथील ज्युलियन क्रेन, नील पिअर्स, रिचर्ड बीझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये या दोहोंचा संबंध दाखवला, त्यावर प्रखर वाद झाला, औषधाच्या वापरावर निर्बंध आले आणि मृत्यूंचे प्रमाण निम्म्यावर उतरले.

यानंतर संशोधकांचे लक्ष शरीर औषधाला सरावण्याच्या त्या न जाणवणाऱ्या, मुक्या दुष्परिणामाकडे वळले. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या १९९६ मधील अभ्यासात असे आढळले, की आठवडाभर नियमित सॅल्ब्युटामॉल घेतलेल्या रुग्णांच्या श्वासनलिका व्यायामानंतर आधीपेक्षा अधिक आवळल्या. म्हणजे ज्या झटक्यापासून संरक्षण हवे होते, तोच अधिक तीव्र झाला. सॅल्मेटेरॉल या दीर्घकाळ टिकणाऱ्या औषधाचेही असेच दिसले: पहिल्या दिवशी त्याचे संरक्षण सकाळपासून दुपारपर्यंत पुरे, महिनाभर रोज घेतल्यावर ते काही तासांतच ओसरे. पुढे अमेरिकेत २६,००० हून अधिक रुग्णांवर चाललेली सॅल्मेटेरॉलची चाचणी २००३ मध्ये मुदतीआधी थांबवण्यात आली. औषध घेणाऱ्यांत दम्याने १३ मृत्यू झाले होते, तर औषधहीन फवारा घेणाऱ्यांत ३. सूज शमवणाऱ्या स्टेरॉइडची जोड दिल्यास हा धोका वाढत नाही, हे नंतरच्या मोठ्या चाचण्यांत दिसून आले.

स्टेरॉइडचा पंप १९७२ पासून उपलब्ध होता. त्याचे सर्वाधिक आढळणारे दुष्परिणाम म्हणजे आवाज घोगरा होणे आणि तोंडात पांढरी बुरशी येणे. पंपाला नळकांडे, म्हणजे स्पेसर, जोडले आणि औषध घेतल्यावर गुळणा करून पाणी थुंकून टाकले, तर हे बव्हंशी टळतात. मोठी मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांच्या उंचीवर थोडा परिणाम होतो, म्हणून डॉक्टर उपयोगी पडेल अशी किमान मात्रा ठरवतात. भारतात मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९७६ मध्ये दम्याचे फवारे आणले आणि ते गावोगावी पोहोचले, पण त्यांच्याबरोबर ‘पंपाची सवय लागते’ ही भीतीही पोहोचली. ही भीती दुर्दैवाने चुकीच्या पंपाला चिकटली. स्टेरॉइडच्या नावाने घाबरून घरोघरी तो पंप मध्येच सोडून दिला जातो, आणि तात्काळ आराम देणारा सॅल्ब्युटामॉलचा निळा पंप मात्र निःशंकपणे, धावण्याआधी, जिना चढण्याआधी, रोज ओढला जातो. शरीर सरावण्याचा धोका खरोखर आहे तो या दुसऱ्यात.

दम्याच्या उपचारांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘जिना’ या संस्थेने २०१९ मध्ये सांगितले, की प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ सॅल्ब्युटामॉलसारख्या अल्पकालीन औषधावर ठेवू नये, आणि सौम्य दम्यात गरजेपुरता, व्यायामापूर्वीही, फॉर्मोटेरॉल हे दीर्घकाळ टिकणारे बीटा औषध व स्टेरॉइड यांचा एकत्र पंप वापरावा. सॅल्ब्युटामॉलचा पहिला फवारा बाजारात येऊन तेव्हा नेमकी पन्नास वर्षे झाली होती.