सव्वा महिना

इ. स. १७७४ च्या एप्रिल महिन्याच्या १८ तारखेस पुरंदर किल्ल्यावर गंगाबाई पेशवे प्रसूत झाली व तिला पुत्र झाला. इतक्या उत्कंठेनें वाट पाहिलेलें बाळंतपण मराठ्यांच्या इतिहासांत दुसरें क्वचितच सांपडेल. साडेसात महिन्यांपूर्वीं, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, तिचा पति नारायणराव शनिवारवाड्यांत मारला गेला होता. चुलते रघुनाथराव यांनीं पेशवाई घेतली होती. आणि बारभाईंचें सारें राजकारण या विधवेच्या उदरांतील गर्भावर अवलंबून होतें. मुलगी झाली तर बदलतां यावी म्हणून आणखी कांहीं गरोदर स्त्रिया गडावर नेऊन ठेवल्या होत्या, अशी वदंता त्या काळीं उठली व ग्रँट डफनें ती आपल्या ग्रंथांत नोंदविलीही. तशी वेळ आली नाहीं. बाळ चाळीस दिवसांचें होतांच, २८ मे रोजीं, सातारकर छत्रपतींकडून आलेलीं पेशवाईचीं वस्त्रें त्यास देण्यांत आलीं. हाच सवाई माधवराव.

इतिहासाच्या पुस्तकांत या दोन्ही तारखा ठळक अक्षरांनीं छापलेल्या असतात. मधले चाळीस दिवस मात्र कोरे असतात. गडावर शिबंदी किती होती, खलबतें कोणाचीं झालीं, पत्रें कोठें गेलीं, हें आपण विचारतों. पण त्या दिवसांत त्या मुलीच्या उशाशीं कोण बसलें होतें, तिला दूध आलें कीं नाहीं, रात्रीं मूल रडूं लागलें म्हणजे तें कोण घेत होतें, हें विचारावें असें आपल्या मनांत येत नाहीं. गंगाबाई पुढें तीनच वर्षांनीं, १७७७ सालीं, वारली. तिच्या जन्माचें सार्थक एका तारखेंत झालें असें समजून इतिहासानें तिला निरोप दिला.

बाळंतिणीच्या या काळास आपल्याकडे सव्वा महिना म्हणतात. हिशेबानें ते सदतीस-अडतीस दिवस होतात. व्यवहारांत चाळिसाव्या दिवसापर्यंत ते सहज लांबतात. राज्यांचा व लढायांचा जसा इतिहास असतो, तसा या सव्वा महिन्यालाही आहे. आणि तो नीट पाहिला तर एक गोष्ट ध्यानांत येते. नव्या मातेस दोन गोष्टी लागतात: स्वच्छता आणि विसांवा. आपल्या जुन्या घरांनीं विसांवा ओळखला, पण स्वच्छता ओळखली नाहीं. नव्या विद्येनें स्वच्छता दिली, पण विसाव्याची जबाबदारी कोणाची तें ठरविलें नाहीं. आणि दोन्ही एका ठिकाणीं फार थोड्या स्त्रियांच्या वांट्यास आल्या.

विसाव्याची कल्पना फार जुनी आहे. चरकसंहितेंत नववा महिना लागण्यापूर्वींच सूतिकागार सिद्ध ठेवावें असें सांगितलें असून, तेथें ज्या स्त्रिया असाव्यात त्यांचेंही वर्णन आहे: त्या अनेकदां प्रसूत झालेल्या, प्रेमळ, न कंटाळणाऱ्या व बाळंतिणीस आवडणाऱ्या असाव्यात. प्रसूतीनंतर दहा-बारा दिवस इष्टमैत्रिणींनीं तिच्याजवळ जागत राहावें, गाणेंबजावणें करावें, असेंही तेथें आहे. सुश्रुतानें सूतिकागाराचें माप आठ हात लांब व चार हात रुंद असें दिलें; क्रोध व श्रम टाळावेत असें बजावलें; आणि दीड महिना हे नियम पाळल्यावर ती ‘सूतिका’ या नांवांतून मोकळी होते असें म्हटलें. नेपाळांत सांपडलेली व १९३८ सालीं मुंबईस छापून प्रसिद्ध झालेली काश्यपसंहिता ही तर मुख्यतः बालकांच्या व मातांच्याच वैद्यकाची असून तिच्यांत बाळंतिणीचे चौसष्ट रोग सांगितले आहेत. या ग्रंथांतील सर्वच उपचार आज ग्राह्य आहेत असें नव्हे. पण प्रसूति झाली म्हणजे काम संपलें असें न मानतां, त्यानंतरच्या दीड महिन्यास त्यांनीं वैद्यकाचा स्वतंत्र विषय केलें, ही गोष्ट लहान नव्हे.

महाराष्ट्रांतील पांढरपेशा घरांत ही परंपरा कोणत्या रूपानें आली तें वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. पहिलें बाळंतपण माहेरीं. माजघरामागची एखादी खोली, खिडकी बंद, बाजेखालीं शेगडी, तींत ओंवा व बाळंतशोपा यांची धुरी. कान बांधलेले. रोज तेल लावून कढत पाण्यानें न्हाऊं घालणें. मग शेक, मग काढा. जेवणांत तूप, सुंठ, आणि डिंकाचे, अळिवाचे व मेथीचे लाडू. पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवीची पूजा व जागरण. बाराव्या दिवशीं बारसें. त्यांत सोयर असल्यामुळें पहिले दहा दिवस बाळंतिणीस शिवावयाचें नाहीं, आणि तिनें चुलीस, देवास, पाण्यास शिवावयाचें नाहीं. सुधारकांनीं या शिवाशिवीवर पुष्कळ टीका केली, आणि ती योग्यच होती. ज्या वेळीं स्त्रीस सर्वांत अधिक जवळीक हवी, त्या वेळीं तिला अमंगल ठरविणें यांत क्रौर्य होतेंच. परंतु एरवीं पहांटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या सुनेस, ‘तूं कांहीं करूं नकोस’ असें सांगण्याचें धैर्य त्या घरांत दुसऱ्या कोणांत होतें? सासूच्या दयेवर जें कधींच मिळालें नसतें, तें विटाळाच्या भयानें मिळालें. विसाव्याला धर्माचा आधार लागला, कारण साध्या माणुसकीचा आधार पुरेसा नव्हता.

आतां दुसरी बाजू. बाळंतिणीस शिवणें हें हलकें काम ठरल्यामुळें तें सुइणीकडे गेलें. तिच्या हाताला अनुभव होता, माया होती. पण त्या हातांवर काय चिकटलेलें आहे हें तिला ठाऊक नव्हतें आणि तिला सांगणाऱ्यांनाही नव्हतें. खोलींत जुन्यापुराण्या चिंध्या, कारण चांगलें कापड विटाळांत कोण घालवणार? नाळ कापण्यास विळा किंवा मिळेल तें पातें. नाळेवर राख, कोठें शेण. धनुर्वाताचे जंतु मातींत व शेणांत असतात. नाळेवाटे ते शिरले म्हणजे बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास मूल दूध ओढीनासें होतें, जबडा मिटतो, अंग ताठतें. ज्या रात्रीं सटवी येते म्हणून सारें घर जागत बसे, तीही पांचवी किंवा सहावी. या दोहोंचा संबंध सिद्ध करतां येणार नाहीं. पण शेंकडों वर्षें त्याच दिवसांच्या सुमारास घरोघर मुलें दगावलेलीं पाहूनच आयांच्या मनांत त्या रात्रीचें भय बसलें असावें, असें मला वाटतें. देवता खोटी असेल, भय खोटें नव्हतें. धनुर्वाताची लस व स्वच्छ पातें यांच्या योगानें भारतांत हा रोग जिल्ह्याजिल्ह्यांत हजार जन्मांमागें एकाहून खालीं आल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेनें दिला, तो २०१५ सालीं.

तथापि हा अंधार केवळ आपल्याच माजघरांत होता असें समजण्याचें कारण नाहीं. ज्या युरोपांतून नवें वैद्यक आलें, तेथेंही तो होता, आणि तोही विद्वानांच्या हातीं. व्हिएन्ना येथील मोठ्या रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. एकांत वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. १८४६ सालीं विद्यार्थ्यांच्या विभागांत सूतिकाज्वरानें शेंकडा ११ हून अधिक स्त्रिया मेल्या. सुइणींच्या विभागांत शेंकडा ३ हूनही कमी. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरानें याचें कारण हुडकलें: विद्यार्थी प्रेतें चिरून तसेच प्रसूतिगृहांत येत होते. १८४७ च्या मे महिन्यांत त्यानें क्लोरीनच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति केली आणि थोड्याच आठवड्यांत मृत्यूंचें प्रमाण दुसऱ्या विभागाइतकें खालीं आलें. त्याचा उपहास झाला. आपले हात मलिन असूं शकतात हें मान्य करणें आपल्याकडील शास्त्र्यांस जितकें जड, तितकेंच तेथील प्राध्यापकांसही गेलें.

ही विद्या आपल्या घरांत आणावी असें ज्या मराठी मुलीस प्रथम वाटलें, ती याच सव्वा महिन्यांत पोळली होती. आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षीं प्रसूत झाल्या. मूल दहाच दिवस जगलें. समुद्र ओलांडून त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि मार्च १८८६ मध्यें डॉक्टर झाल्या. पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. पहिली मराठी स्त्री-डॉक्टर म्हणून आपण त्यांचा गौरव करतों, पण त्या विषयाची निवड आपल्या फारशी लक्षांत राहत नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्या वारल्या, तेव्हां त्यांना बावीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. त्या डॉक्टर झाल्या त्याच वर्षीं मुंबईस स्त्रियांसाठीं कामा रुग्णालय सुरू झालें. स्वच्छतेची वाट उघडली.

पण विसाव्याचें काय? ज्यांना माजघर होतें, माहेर होतें, त्यांचा हा प्रश्न कसाबसा सुटत होता. त्याच मुंबईंत गिरण्यांच्या चाळींतून सहस्रावधि स्त्रिया अशा होत्या कीं, त्यांना यांपैकीं कांहींच नव्हतें. पोटांत बाळ असतां शेवटच्या दिवसांपर्यंत काम. बाळंत झाल्यावर शक्य तितक्या लवकर पुन्हां काम, कारण मजुरी बुडाली तर चूल बुडे. मूल घरीं रडूं नये म्हणून त्यास अफूची बाळगोळी चारीत. १९२१ सालीं मुंबई शहरांत हजार नोंदलेल्या जन्मांमागें सहाशेंहून अधिक बालमृत्यु झाले. या आंकड्यांत थोडी फसगत आहे, हें सांगितलें पाहिजे: पुष्कळ स्त्रिया बाळंतपणास कोंकणांत किंवा घाटावर जात, त्यामुळें जन्म गांवीं नोंदला जाई व मृत्यु मुंबईस. पण ही फसगतही कांहीं सांगते. ज्या बाईला गांव गांठतां येई, ती सव्वा महिना माहेरीं काढी. आणि तें मूल घेऊन ती चाळींतल्या एका खोलींत परत येई.

या ठिकाणीं इतिहासांत एक नवी गोष्ट घडली. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें प्रसूत स्त्रीस सहा आठवडे कामावर येऊं देऊं नये असा ठराव केला. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत प्रसूति-साह्याचें विधेयक आलें असतां डॉ. आंबेडकरांनीं त्यास पाठिंबा दिला. मातेस प्रसूतीपूर्वीं व नंतर विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, तेव्हां सरकारनें तो भार उचलावा, आणि जो मालक तिच्या श्रमांचा लाभ घेतो त्यानेंही तो अंशतः सोसावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्या वर्षीं कायदा झाला आणि प्रसूतीनंतर चार आठवडे तिला गिरणींत कामास लावण्यास बंदी झाली. सुश्रुताचा दीड महिना व आजीचा सव्वा महिना यांच्या मानानें चार आठवडे थोडेच. पण हा विसांवा विटाळ म्हणून नव्हता, किंवा कोणाची कृपा म्हणूनही नव्हता. तो तिचा हक्क म्हणून होता. १९६१ च्या कायद्यानें ही रजा सबंध देशांत बारा आठवडे केली. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांपुरती ती सव्वीस आठवडे झाली.

तेव्हां प्रश्न सुटला काय? माझी मुलगी गेल्या वर्षीं बाळंतपणासाठीं आमच्याकडे आली होती. तिला कायद्याची रजा होती, स्वच्छ रुग्णालय होतें, आणि अळिवाचे लाडू करून देणारी आई होती. गंगाबाईस किंवा आनंदीबाईंस जें एकत्र मिळालें नाहीं, तें सारें तिला मिळालें. तरीही तिसऱ्या आठवड्यांत एके पहांटे ती मुलास मांडीवर घेऊन मुकाट्यानें रडत बसलेली मीं पाहिली. हिनें विचारलें, तेव्हां ती इतकेंच म्हणाली, “आई, तूं नुसती इथें बैस.” चरकानें न कंटाळणाऱ्या स्त्रिया जवळ असाव्यात असें कां लिहिलें, हें इतकीं वर्षें पुस्तकें शिकवून मला उमगलें नव्हतें, तें त्या पहांटे उमगलें.

त्याच दिवसांत आमच्या घरीं भांडीं घासण्यास येणारी बाई आपल्या सुनेस पाठवूं लागली. सुनेचें मूल एका महिन्याचें होतें, हें आम्हांस चार दिवसांनीं समजलें. तिला कोणत्याही कायद्याची रजा लागू नव्हती. तिचें माहेर ऊंसतोडणीच्या टोळीबरोबर परजिल्ह्यांत गेलें होतें. आमच्याच घरांत एका खोलींत एक बाळंतीण शेक घेत होती, आणि दुसरी मोरीवर थंड पाण्यांत हात घालून उभी होती. आणि पहिलीच्या विसाव्यास दुसरीचे हात लागत होते. पत्नीनें तिला दोन महिन्यांचा पगार देऊन घरीं बसविलें. यांत आमचा मोठेपणा कांहीं नाहीं. मुलगी माहेरीं नसती तर ती गोष्ट आमच्या ध्यानांतही आली नसती, हें मला कबूल केलें पाहिजे. कायदा जेथवर पोंचतो तेथवर तो पोंचावा म्हणून लोकांनीं पन्नास-पन्नास वर्षें झगडावें लागतें. पण तो जेथें थांबतो तेथून पुढचीं घरें आपलींच असतात, आणि त्या घरांतून सव्वा महिना कोणाला द्यावयाचा व कोणाला नाहीं, हें आजही आपणच ठरवीत असतों.