मासिक पाळी आणि शरीरातील द्रवसंतुलन

मासिक पाळीच्या चक्रात अंडाशयातील संप्रेरकांची पातळी बदलत असल्याने शरीरातील पाणी व सोडियम यांच्या नियमनातही बदल होतात. स्तन, ओटीपोट व पाय यांवर येणारी हलकी सूज, जडपणा आणि वजनातील तात्पुरती वाढ ही त्याची परिचित लक्षणे होत. प्रौढ स्त्रीच्या वजनाचा साधारण निम्मा भाग पाण्याचा असतो. हा एकूण साठा चक्रात फारसा बदलत नाही. तो ज्या पातळीवर राखला जातो ती पातळी मात्र सरकते.

कार्यपद्धती

रक्त घट्ट होऊ लागले की तहान लागते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन स्रवते. त्यामुळे मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात. इस्ट्रोजेनच्या प्रभावाखाली ही यंत्रणा लवकर, म्हणजे रक्त तुलनेने पातळ असतानाच सुरू होते. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर वाढणारे प्रोजेस्टेरॉन याउलट ॲल्डोस्टेरॉनच्या कार्यात अडथळा आणते व मूत्रावाटे सोडियम अधिक जाऊ देते; त्याची भरपाई म्हणून शरीर ॲल्डोस्टेरॉनची निर्मिती वाढवते. त्यामुळे सूज केवळ प्रोजेस्टेरॉनमुळे येते हा रूढ समज अपुरा ठरतो. कॅनडातील ६२ स्त्रियांनी वर्षभर ठेवलेल्या दैनंदिन नोंदींचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सूज पाळीपूर्वी नव्हे, तर रक्तस्रावाच्या पहिल्या दिवशी सर्वाधिक आढळली.

एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. एवढ्याने शरीरातील पाणी घटत नाही. ८० मिलिलिटरहून अधिक स्राव अतिरिक्त मानला जातो व त्यातून रक्तक्षय संभवतो. पाळीत काहींना होणारे जुलाब मात्र पाणी व क्षार दोन्ही कमी करतात.

उष्णता व श्रम

चक्राच्या उत्तरार्धात शरीराचे तापमान सुमारे ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढलेले असते आणि घाम थोडा उशिरा सुटू लागतो. उन्हात श्रम करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट विचारात घ्यावी लागते. नाशिक जिल्ह्यात निफाड व दिंडोरी तालुक्यांतील द्राक्षबागांची तोडणी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते, आणि पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून मजूर स्त्रिया तेथे येतात. त्यांच्या मूळ गावी पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो. उन्हाळ्यात मात्र अनेक पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी लांब चालावे लागते. शेतावर आडोसा नसल्यास लघवी टाळण्यासाठी पाणी कमी पिणे ही ग्रामीण स्त्रियांची सर्वत्र आढळणारी सवय आहे. पाळीत ती अधिकच बळावते.

सूज उतरावी म्हणून पाणी तोडण्याचाही उपयोग होत नाही. पाणी कमी पडताच व्हॅसोप्रेसिन वाढते व मूत्रपिंडे पाणी अधिकच धरून ठेवतात. शिवाय मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा व उष्माघात यांचा धोका वाढतो. लोणचे, पापड, फरसाण यांसारखे खारट पदार्थ कमी करणे त्यापेक्षा सयुक्तिक होय. जुलाब किंवा भरपूर घाम होत असल्यास मात्र मीठ-साखरेचे पाणी आवश्यक असते. लघवी वाढवणारी औषधे वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत. पाळी संपल्यावरही न ओसरणारी, एकाच पायावर येणारी किंवा धाप लागण्यासह येणारी सूज पाळीशी निगडित मानली जात नाही. अशा वेळी हृदय, मूत्रपिंड, यकृत व पायातील रक्तवाहिन्यांची तपासणी करावी लागते.