बेटावरची उन्हाळी शाळा

कॉर्सिका बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, आजाक्सियो शहरापासून साधारण 50 किलोमीटर उत्तरेला कार्जेझ हे छोटे गाव आहे. गावाबाहेर समुद्राला लागून भौतिकशास्त्राची एक संस्था आहे. मॉरिस लेव्ही या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1960 च्या सुमारास तिची सुरुवात केली. विद्यापीठांना सुट्टी लागली की देशोदेशीचे संशोधक विद्यार्थी इथे यायचे, काही आठवडे एकत्र राहायचे आणि आपल्या विषयातली सर्वांत ताजी माहिती ती घडवणाऱ्यांच्याच तोंडून ऐकायचे. संस्था आजही चालू आहे. फ्रान्सचे राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्र आणि कॉर्सिकाचे विद्यापीठ यांचा तिला आधार आहे.

अशा शाळांची गरज युद्धातून निर्माण झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातले अनेक उत्तम शास्त्रज्ञ अमेरिकेला गेले होते. युद्धानंतर मूलकणांचे वर्तन सांगणाऱ्या पुंजक्षेत्र सिद्धान्ताची मोठी झेपही तिकडेच घेतली गेली, आणि फ्रान्सच्या विद्यापीठांत हे नवे गणित शिकवणारे फारसे कोणी उरले नव्हते. 1951 मध्ये सेसिल डविट-मोरेट या तरुण शास्त्रज्ञ बाईंनी आल्प्स पर्वतात ले झूश इथे उन्हाळी शाळा काढली. 1953 पासून इटलीच्या भौतिकशास्त्र परिषदेने कोमो सरोवराकाठी वारेन्ना इथे तसेच वर्ग भरवायला घेतले. 1954 च्या उन्हाळ्यात एनरिको फर्मी यांनी या दोन्ही ठिकाणी शिकवले. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचे निधन झाले. डोंगर झाले, सरोवर झाले. पुढच्या शाळा बेटांवर गेल्या.

कार्जेझ हे गावच मुळात बाहेरून आलेल्यांचे. 1675 मध्ये ग्रीसच्या मानी भागातली काही शे माणसे तुर्की अंमलाला आणि आपापसातल्या वैरांना कंटाळून जहाजाने निघाली. कॉर्सिका तेव्हा जेनोआच्या ताब्यात होते. जेनोआने त्यांना जमीन दिली. पुढे कॉर्सिकन लोकांनी जेनोआविरुद्ध बंड केले, तेव्हा हे ग्रीक आपल्या आश्रयदात्यांच्या बाजूने उभे राहिले आणि 1731 मध्ये त्यांना वस्ती सोडून आजाक्सियोत पळावे लागले. तिथे जवळपास 40 वर्षे काढल्यावर, बेट फ्रान्सकडे गेल्यानंतर 1770 च्या दशकात, त्यांच्यासाठी कार्जेझ वसवले गेले. आज गावात दोन चर्च समोरासमोर उभी आहेत, एक लॅटिन विधीचे आणि एक ग्रीक विधीचे. मधल्या उतारावर भाज्यांचे मळे आहेत. पूर्वजांनी जहाजातून आणलेल्या काही मूर्तिचित्रांची ग्रीक चर्चमध्ये अजून जपणूक होते.

इथे पोचायचे तर मार्सेय किंवा नीसहून रात्रीची बोट धरायची आणि आजाक्सियोहून वळणावळणाच्या रस्त्याने पुढे जायचे. जुलै-ऑगस्टात कोकण पावसात भिजत असते, तेव्हा कॉर्सिकात आठवडेच्या आठवडे थेंब पडत नाही. टेकड्यांवर ‘माकी’ नावाचे खुरटे, सुगंधी रान माजलेले असते. उन्हाने ते तापले की त्याचा वास सगळीकडे भरून राहतो, आणि एखादी ठिणगी पडली तर वणवाही लागतो. अशा हवेत भर दुपारी फळ्यासमोर बसवून शिकवण्यात काही हशील नसते. भूमध्य समुद्राकाठच्या शाळांचे वेळापत्रक म्हणूनच सकाळी लवकर सुरू होते आणि दुपार मोकळी सोडते. या मोकळ्या दुपारींचे मोल मोठे आहे. एरवी ज्याचे नाव फक्त शोधनिबंधावर वाचायचे, तो माणूस वाळूत शेजारी बसलेला असतो. त्याला दुसरीकडे जायचे नसते, आणि बेटावरून सहज निघूनही जाता येत नाही.

1970 च्या उन्हाळ्यात नेमके हेच कामी आले. त्या वर्षी बेंजामिन ली आणि कुर्ट झिमान्त्सिक कार्जेझला ‘सिग्मा मॉडेल’ शिकवत होते. हे मॉडेल 1960 मध्ये मरे गेल-मान आणि शाळेचे संस्थापक लेव्ही यांनीच मांडलेले. पुंजक्षेत्र सिद्धान्तात आकडेमोड करू लागले की उत्तरे अनंत येतात. ती शिस्तीने काढून टाकून मोजता येईल असे उत्तर मिळवण्याच्या रीतीला पुनर्सामान्यीकरण म्हणतात. मॉडेलमधली सममिती आपोआप भंगलेली असली तरी ही रीत बिघडत नाही, असे ली आणि झिमान्त्सिक दाखवत होते. श्रोत्यांत उट्रेख्ट विद्यापीठाचा 24 वर्षांचा विद्यार्थी होता, गेरार्ट ट होफ्ट. यांग आणि मिल्स यांच्या 1954 च्या सिद्धान्तालाही हे लागू पडेल का, असे त्याने दोघांना विचारले. उत्तर मिळाले, ते तुझ्या मार्गदर्शकांना, व्हेल्टमन यांना विचार. त्यातले जाणकार तेच.

तो परत गेला आणि कामाला लागला. 1971 मध्ये त्याचे दोन निबंध प्रसिद्ध झाले आणि उत्तर ‘होय’ असे निघाले. ते सर्वांच्या चटकन गळी उतरले नाही. लीने मात्र ते स्वतः तपासले, पटवून घेतले आणि इतरांना समजेल अशा भाषेत मांडले. याच यांग-मिल्स चौकटीत वाइनबर्ग आणि सलाम यांनी 1967-68 मध्ये मांडलेल्या आणि तोवर जवळपास कोणी न वाचलेल्या सिद्धान्ताकडे त्यानंतरच जगाचे लक्ष गेले. ट होफ्ट आणि व्हेल्टमन यांना 1999 चे नोबेल मिळाले. ली ते पाहायला नव्हता. 1977 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी, रस्त्यावरच्या अपघातात तो गेला.

दुसरे बेट सिसिली. तिथे आंतोनिनो झिकिकी यांनी 1963 मध्ये एरिचे या 750 मीटर उंचीवरच्या गावात केंद्र उघडले आणि त्याला भौतिकशास्त्रज्ञ एत्तोरे मायोराना याचे नाव दिले. मायोराना सिसिलीचाच; 1938 च्या मार्चमध्ये तो नाहीसा झाला, तो कायमचाच. केंद्र जुन्या मठांत भरते. खाली त्रापानीचा किनारा भाजत असतो तेव्हा वर धुके असते. एरिचेची एक पद्धत फार चांगली होती. व्याख्यानानंतरची प्रश्नोत्तरे विद्यार्थ्यांमधले ‘सचिव’ टिपून घेत आणि ती पुस्तकात छापली जात. सिडनी कोलमन यांची तिथली व्याख्याने पुढच्या पिढ्यांनी पाठ्यपुस्तकासारखी वापरली.

या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो बराचसा नाटोच्या विज्ञान समितीकडून येई. 1950 च्या दशकाच्या शेवटी तिने अशा वर्गांना अनुदान द्यायला सुरुवात केली. लष्करी आघाडीच्या पैशावर विज्ञान शिकावे का, हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. गणितज्ञ अलेक्झांडर ग्रोटेंडिक यांनी त्याला उघड विरोध केला. 1972 च्या उन्हाळ्यात व्हिएतनाम युद्धाची धग कार्जेझलाही लागली. अमेरिकी सरकारला युद्धाविषयी सल्ला देणाऱ्या शास्त्रज्ञांनी आधी त्याचा जाब द्यावा, मग शिकवावे, अशी मागणी युरोपात जागोजागी होत होती, आणि ती या बेटावरही झाली. ती मागणी न्याय्य होती.

1979 मध्ये ट होफ्ट कार्जेझला परतले, या वेळी शिकवायला. त्यांनी ‘नैसर्गिकपणा’ची कसोटी मांडली : सिद्धान्तातली एखादी संख्या फार लहान असेल, तर ती शून्य धरल्यावर सममिती वाढली पाहिजे, वाढत नसेल, तर त्या लहानपणाचे कारण शोधायला हवे. 2012 मध्ये हिग्ज कण सापडला. तो इतका हलका का, याची चर्चा निघाली की अजूनही त्या व्याख्यानाचा हवाला दिला जातो.