दोन सूर्योदयांचा प्रवास

फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि ऑस्ट्रेलिया-इंग्लंड हवाई मार्ग मधोमध तुटला. तो सांधायचा तर पर्थहून थेट सिलोन गाठायला हवे होते. मध्ये साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त हिंदी महासागर, आणि उतरायला जागा कुठेच नाही!

क्वांटास कंपनीने 1943 च्या जूनअखेर हे धाडस सुरू केले. पर्थच्या स्वान नदीवरून कॅटालिना जातीचे विमान पाण्यावरूनच उडे आणि सिलोनमधल्या कोग्गला सरोवरात उतरे. वेग ताशी जेमतेम 200 किलोमीटर. इंधनाचाच भार इतका, की प्रवासी फार तर तीन आणि टपाल सुमारे 69 किलो. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ जवळपास मुका असे. वैमानिक ताऱ्यांवरून दिशा काढत. विमानांची नावेही ताऱ्यांचीच होती: अल्टेअर, व्हेगा, रायगेल, अँटारीस, स्पायका.

प्रवासाला साधारण 27 ते 33 तास लागत. वाटेत सूर्य दोनदा उगवताना दिसे, म्हणून प्रवाशांना ‘दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा’चे प्रमाणपत्र मिळे. एवढा वेळ गोठवणाऱ्या, कानठळ्या बसवणाऱ्या विमानात काढल्यावर ते बहुधा हक्काचेच वाटत असावे.

1944 मध्ये चाकांची लिबरेटर विमाने आली आणि हेच अंतर सुमारे 17 तासांवर आले. कॅटालिनांनी तोवर आणि पुढे 1945 पर्यंत मिळून 271 फेऱ्या केल्या. युद्ध संपल्यावर मात्र अमेरिकेशी झालेल्या कराराच्या अटींमुळे ही विमाने समुद्रात बुडवावी लागली.