वेत, डांबर आणि तांब्याची तार

घरबसल्या सेन्सर, रिले आणि वायफायचे मॉड्यूल जोडून दिवे-पंप दुरून चालवणारा हौशी कारागीर प्रत्येक जोडापाशी तारेचे प्लास्टिकचे वेष्टन सोलतो आणि जोड पक्का झाल्यावर त्यावर पुन्हा चिकटपट्टी गुंडाळतो. या वेष्टनाचे, म्हणजे वीज बाहेर झिरपू न देणाऱ्या रोधकाचे, कुळ शोधताना बहुतेक ग्रंथ लंडनला जातात; प्रस्तुत विवेचनाच्या मते त्याची एक ठळक शाखा कलकत्त्यात हुगळीच्या पात्रात सापडते.

गार्डन रीचच्या समोरच्या काठावर, शिबपूरच्या वनस्पती उद्यानात, कलकत्ता मेडिकल कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी यांनी 1839 मध्ये बांबूंच्या रांगांवरून अनेक मैल तार फिरवून तारायंत्राचे प्रयोग केले. संदेश घेणाऱ्याच्या बोटांना बसणारे झटके हीच तेथील लिपी होती. उद्यानाचे अधीक्षक नॅथॅनियल वॉलिच यांचे त्यांना साहाय्य होते. मात्र या प्रयोगांतील खरी कळ बांबूंत नसून पाण्याखालच्या तारेत आहे. नदीचे पाणी वाहक असल्याने उघडी तार नदीत सोडली की प्रवाह वाटेतच निसटतो. म्हणून ओशॉनेसींनी तारेला राळेचा लेप दिला, ती उभ्या चिरलेल्या वेतात बसवली आणि त्यावर डांबरात भिजवलेला दोर गुंडाळला.

पाण्याखालच्या रोधक तारेचा पहिला मान ओशॉनेसींचा नव्हे असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. रशियातील संशोधक शिलिंग यांनी 1812 मध्ये सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीखालून रोधक तार नेऊन सुरुंग उडवले होते, आणि इंग्लंडमध्ये कर्नल पास्ली 1838 पासून बुडीत जहाजांचे अवशेष फोडण्यासाठी डांबरी दोरात गुंडाळलेल्या तारा वापरत होते. तरीही सुरुंगाची तार एका ठिणगीपुरतीच शाबूत राहावी लागते, तर निरोपाच्या तारेला पुन्हा पुन्हा प्रवाह वाहून न्यावा लागतो, हा भेद शोधाच्या मालकीपेक्षा महत्त्वाचा आहे. डांबरी दोराचे उसने कोणाचे यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण गलबताच्या फटी बुजवणाऱ्या प्रत्येक कारागिराच्या हाती तो होताच, आणि खिदिरपूरला त्याच काळी जहाजे बांधली जात होती. वेत मात्र पास्लींच्या पद्धतीत नाही. लांब, लवचीक आणि सहज चिरला जाणारा हा पदार्थ बंगालच्या बाजारात मुबलक असल्याने तो तेथूनच तारेवर चढला, हे अनुमान येथे निःसंकोच मांडले आहे.

पुढची पायरी सर्वपरिचित आहे: मलाया द्वीपसमूहातील झाडांचा गट्टापर्चा नावाचा चीक आला आणि वेत मागे पडला. डांबर मात्र इतक्या सहजी हटले नाही. 1851 मध्ये सुरू झालेल्या कलकत्ता–डायमंड हार्बर मार्गावर, ज्याच्या उभारणीत शिवचंद्र नंदी हे ओशॉनेसींचे विश्वासू सहकारी होते, जमिनीखालची लोखंडी सळई डांबरात बुडवलेल्या कापडात गुंडाळून, छपराच्या कौलांत वाळू व राळ यांच्या मिश्रणात पुरली गेली. याच सुमारास हल्दी नदीच्या तळाशी गट्टापर्चाची तार टाकण्यात आली खरी, पण जहाजांच्या नांगरांपासून ती वाचवण्यासाठी तिला जाड लोखंडी साखळीच्या कड्यांच्या खाचांत बसवावे लागले.