गुंजालाची अक्षरे आणि छापलेले पान

कचेरीतला एक जुना प्रसंग सांगतो. मराठीत टंकलेले परिपत्रक माझ्या पडद्यावर अगदी स्वच्छ दिसत होते. तीच फाईल शेजारच्या टेबलावरच्या संगणकावरून छापायला घेतली, तर प्रिंटरमधून रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कडबोळे बाहेर आले. त्या काळच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. फॉन्ट नसलेल्या यंत्राला हा मजकूर मराठी आहे हे कळायला मार्गच नव्हता. मी बोलणी खाल्ली आणि विसरून गेलो. पुढे आदिलाबादविषयी वाचताना मात्र लक्षात आले, की आपली एका दिवसाची फजिती हा काही भाषांचा इतिहासच आहे.

तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा आपल्या यवतमाळ-चंद्रपूरला लागून आहे. तिथल्या नारनूर मंडलातल्या गुंजाला या गावी गोंडी भाषेची हस्तलिखिते जपलेली होती, आणि तीही गोंडीच्या स्वतःच्या लिपीत. हैदराबादचे अभ्यासक प्रा. जयधीर तिरुमलराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दीड दशकात ती जगापुढे आणली. त्यांतली काही सुमारे १७५० च्या काळातली मानली जातात. ही लिपी वाचू शकणारी मोजकीच वयस्क माणसे तेव्हा गावात उरली होती.

तेव्हाच्या याच जिल्ह्यात १९४० साली जोडेघाटला कोमराम भीम मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या अभ्यासासाठी पाठवले. त्यांनी १९४३ मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू केले. गोंडी मुलांसाठी वाचनमाला तयार झाली, पण ती देवनागरीत. त्या भागात मराठीचा वावर होता आणि छापखान्यात देवनागरी खिळे होते. गुंजालाची लिपी मात्र घरातल्या पोथ्यांतच राहिली.

आपल्याला हे नवे वाटू नये. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, तेही रोमन अक्षरांत. त्याआधी १६०८ साली युरोपला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या लिपीत छापण्याची इच्छा कळवली होती. अडचणही सांगितली होती: युरोपच्या २४ अक्षरांपुढे इथे ६०० साचे लागतात. खिळे काही आले नाहीत. देवनागरीतले क्रिस्तपुराण शांताराम बंडेलू यांनी छापले ते १९५६ मध्ये, म्हणजे ३४० वर्षांनी.

हे ६०० साचे आता गेले कुठे? ते संगणकाच्या पोटात गेले. आपण ‘कि’ टंकतो तेव्हा फाईलमध्ये आधी क आणि मग वेलांटी साठवली जाते. पडद्यावर आणि कागदावर वेलांटी आधी यायला हवी. क्, ष जुळून ‘क्ष’ व्हायला हवा. हे काम अक्षरजुळणीचा प्रोग्राम करतो आणि आकार फॉन्टमधून घेतो. मग ओळी पानावर बसतात, पानाची पीडीएफ होते, आणि शेवटी त्याचे ठिपके पडतात. इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या प्रिंटरसाठी ए-फोर पान म्हणजे सुमारे साडेतीन कोटी ठिपक्यांच्या जागा. यातला एक दुवा निसटला की अक्षराच्या जागी रिकामा चौकोन येतो.

गुंजालाच्या लिपीला पहिला दुवा २०१८ मध्ये मिळाला. युनिकोडच्या ११ व्या आवृत्तीत तिला ६३ संकेत देण्यात आले. तिची जोडाक्षरेही हलन्ताच्या चिन्हाने जुळतात. आपली मोडी २०१४ मध्ये युनिकोडात गेली, हे जाता जाता सांगतो. पुढे नोटो मालिकेत गुंजाला गोंडीचा मोफत फॉन्टही आला. पण संकेत मिळणे म्हणजे नुसती रजिस्टरात नाव लागणे. फॉन्ट बसवलेला नसेल, किंवा पीडीएफमध्ये तो सोबत गेला नसेल, तर शाळेतल्या प्रिंटरवर चौकोनच छापले जाणार.

शिवाय गोंडीची लिपी एकच नाही. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली लिपीही २०१७ मध्ये युनिकोडात आली. महाराष्ट्रात गोंडी देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. कोकणी १९९२ मध्ये गेली.

लिपीचा वाद काय असतो ते गोव्याला सांगायला नको. कुठली लिपी घ्यायची हे गोंडांनीच ठरवायचे. पण निवड करायची तर प्रत्येक पर्याय निदान छापता आला पाहिजे. स्टीफन्सना तो पर्याय मिळाला नाही, मारलवाईच्या मुलांनाही नाही. कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला एवढे नक्की कळते, की सरकारदरबारी भाषा बोलल्याने दाखल होत नाही, कागदावर आल्याने होते. गुंजालाच्या ग्रामपंचायतीतून एखादा साधा दाखला त्या अक्षरांत, एकही चौकोन न येता छापून निघेल, त्या दिवशी ती लिपी सापडली असे मी म्हणेन.