भूमी एक, नकाशे अनेक

आपल्या देशात नकाशांची वाण कधीच नव्हती. वाण होती ती एका खात्याचा नकाशा दुसऱ्या खात्याच्या उपयोगी पडण्याची. या दोषाचे मूळ संगणकाच्या अभावात नाही. नकाशे ज्या निरनिराळ्या हेतूंनी तयार झाले, त्या हेतूंत ते आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची. १८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रास येथे आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ केला. त्याचा हेतू भूपृष्ठाचे अचूक मापन हा होता. महसुलाची गरज वेगळी होती. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून जी मोजणी सुरू केली, तिला शेत, त्याचे क्षेत्र आणि त्यावरील आकार एवढेच हवे होते. तेहतीस फूट साखळीच्या चौरसाचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गावाचा नकाशा गावापुरता पूर्ण असे. शेजारच्या गावाच्या शिवेशी तो जुळावा, हा आग्रह नव्हता. वनखात्याने आपल्या सीमा स्वतंत्रपणे आखल्या. गावठाणावर शेतसारा नसल्यामुळे बहुतेक राज्यांत त्याची सविस्तर मोजणीच झाली नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२० मध्ये ड्रोनच्या साहाय्याने स्वामित्व योजना हाती घ्यावी लागली.

प्रत्येक नकाशा आपापल्या कामापुरता योग्य होता, परंतु एकावर एक ठेवताच विसंगती उघड होत असे. वन आणि महसूल यांच्या सीमावादांत कित्येक शेतकऱ्यांची हयात गेली, ती याच विसंगतीपायी. शहरांत एका खात्याने केलेला रस्ता दुसरे खाते जलवाहिनीसाठी लगेच खोदते, तेही याच कुळातले.

अंकीय नकाशाने ही विसंगती प्रथमच सर्वांच्या दृष्टीस आणली. जिल्हा पातळीवरील नियोजनासाठी स्थानिक माहिती एकत्र करण्याचा प्रयत्न केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १९८२ मध्ये नैसर्गिक संसाधन माहिती व्यवस्थापन प्रणालीद्वारे आरंभिला. परंतु नकाशांवरील गोपनीयतेची बंधने कडक होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठी एक आणि सर्वांसाठी दुसरी, अशा दोन मालिका केल्या. खुल्या मालिकेसाठी जुन्या एव्हरेस्ट गोलाभाऐवजी जागतिक संदर्भप्रणाली स्वीकारली गेली. दिल्लीने २०११ मध्ये भू-अवकाशीय माहितीसाठी स्वतंत्र कायदाच केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशानिर्मितीवरील बहुतांश पूर्वपरवानग्या काढून टाकल्या; त्याच वर्षी ऑक्टोबरात गतिशक्ती आराखड्याने अनेक मंत्रालयांचे माहितीस्तर एका नकाशावर आणले.

या इतिहासातून प्रशासकाने घ्यावयाचा बोध साधा आहे. यंत्रसामग्री विकत मिळते, पण माहिती देण्याची वृत्ती विकत मिळत नाही. कार्यालयात माहिती जवळ असणे म्हणजे अधिकार असणे, ही समजूत खोल रुजलेली आहे. म्हणून प्रत्येक स्तर कोणत्या खात्याचा, तो किती दिवसांनी अद्ययावत व्हावा आणि चूक आढळल्यास ती कोणी दुरुस्त करावी, हे लेखी ठरलेले असावे. गावाचा संकेतांकही सर्व खात्यांत एकच असावा. एवढे झाले नाही, तर पडद्यावरचा रंगीत नकाशाही जुन्या दप्तरासारखाच ज्याच्या त्याच्या कपाटात राहील, आणि एका खात्याच्या खुणेपासून दुसऱ्या खात्याच्या खुणेपर्यंतचे हेलपाटे मात्र नागरिकालाच घालावे लागतील.